एक्स्टर्नल एसएसडीवर आख्खी ओएस टाकली, बॅकअप तरी वेगळाच

आमच्या डीटीपीच्या धंद्यात जुलै ते ऑक्टोबर हेच खरं वर्ष, दिवाळी अंकांची पानं, मध्येच गणपती मंडळांच्या स्मरणिका, नवरात्राची पत्रकं, आणि प्रत्येकाला सगळं काल हवं असतं. मागच्या सीझनला नेमका ऑगस्टमध्ये माझा लॅपटॉप चालूच होईना, सर्व्हिस सेंटरवाल्याने बघून सांगितलं मदरबोर्ड गेलाय, पार्ट मागवावा लागेल, आठवडा धरून चाला मॅडम. आता गंमत अशी की फाइलींचा बॅकअप माझ्याकडे अगदी व्यवस्थित होता, रोज रात्री हार्डडिस्कवर कॉपी होतेच, एकही पान गेलं नाही. पण काम कशावर करू? नवऱ्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपला यूएसबी ड्राइव्ह लावली की आयटीवाल्यांचा लाल बोर्ड येतो, घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर माझे फाँट नाहीत, मराठी कीबोर्ड सेट नाही, मेलचे पासवर्ड नाहीत, प्रिंटर ओळखत नाही. दळण घरात आणि गिरणी बंद. ते सगळं परत जमवण्यात दिवस गेला आणि संपादकांचे फोन चालूच.

तेव्हापासून डोक्यात होतं की नुसत्या फाइली नाही, चालू होणारं आख्खं मशीनच खिशात पाहिजे. एक छोटी एसएसडी (आत काहीच न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क), तिच्यावर पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे ओएस, माझे फाँट, माझा कीबोर्ड, माझा ब्राउझर, कुठल्याही कॉम्प्युटरला लावायची आणि त्यावरून बूट करायचं म्हणजे कॉम्प्युटर चालू करायचा, त्या कॉम्प्युटरच्या आत काय आहे त्याच्याशी आपल्याला काही घेणंदेणं नाही. हे आता माझ्याकडे आहे आणि मस्त चालतं, तर कसं केलं ते लिहितेय, कारण नेटवर याबद्दल जे सापडतं त्यात अर्ध्या लोकांनी लाइव्ह यूएसबी आणि इन्स्टॉल केलेली ओएस यांची खिचडी केलेली असते. लाइव्ह पेनड्राइव्ह म्हणजे डेमो, बंद केलं की केलेलं सगळं पुसलं जातं (केलेलं टिकवून ठेवायची पर्सिस्टन्स नावाची सोय असते, पण मला ती कधी भरवशाची वाटली नाही). मी बोलतेय ते खरंखुरं इन्स्टॉलेशन, फक्त आतल्या डिस्कऐवजी बाहेरच्या.

आधी ड्राइव्ह. पेनड्राइव्हवर करू नका, प्लीज. ओएस सतत बारीक बारीक फाइली लिहीत-वाचत असते आणि पेनड्राइव्ह त्याच कामात रडतो, मोठा पिक्चर कॉपी करायला ठीक आहे, पण त्यावरून ब्राउझर उघडायला घ्या, चहा होतो. शिवाय सारखं लिहून लिहून तो लवकर मरतो. फिरणारी हार्डडिस्क चालते पण त्या स्पीडला कंटाळाल. मी लॅमिंग्टन रोडला गेले, ग्रँट रोड स्टेशनला उतरून पाच-सात मिनिटं चालत, तिथे एका गाळ्यात माझ्या जुन्या लॅपटॉपमधली २५६ जीबीची साटा एसएसडी दाखवली तर तो म्हणाला, "मॅडम, नया क्यूं ले रहे हो, केसिंग ले लो, इसमें डाल के दे देता हूं." केसिंग म्हणजे डिस्क आत बसवून यूएसबीने जोडायची डबी, मला तेच हवं होतं. साटा एसएसडी यूएसबी ३ च्या केसिंगमध्ये सेकंदाला चार-पाचशे एमबीपर्यंत जाते, या कामाला भरपूर झालं. एनव्हीएमई या आणखी वेगवान प्रकारच्या एसएसडीचं केसिंग याच्या दुप्पट वेगाने पळतं पण तापतंही चांगलंच, मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत हात लावून बघा. एक मात्र बघा, केबल चांगली घ्या आणि ड्राइव्ह मागच्या-पुढच्या कुठल्याही पोर्टला न लावता यूएसबी ३ च्या पोर्टलाच लावा, कारण ढिली केबल असेल तर चालू असलेली ओएसच मध्येच तुटते, फाइल कॉपी अर्धवट राहण्यापेक्षा ते फार वाईट.

आता कुठली ओएस. विंडोजच टाकायचा पहिला विचार होता कारण पानं लावायचं काम इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये. पण विंडोजचा नेहमीचा सेटअप यूएसबीच्या डिस्कवर इन्स्टॉल व्हायला सरळ नाही म्हणतो, तसा मेसेजच येतो. पूर्वी यूएसबी ड्राइव्हवरून विंडोज चालवायची विंडोज टू गो नावाची सोय होती, विंडोज ८ च्या एंटरप्राइझ आवृत्तीबरोबर २०१२ ला आली, आणि २०२० मध्ये विंडोज १० च्या २००४ नंबरच्या व्हर्जनपासून काढून टाकली. रुफस नावाच्या फुकट टूलमध्ये तो पर्याय अजून आहे, ड्राइव्ह बनते, बूटही होते. अडचण पुढे आहे, विंडोजचं ॲक्टिव्हेशन म्हणजे लायसन्सची नोंद मशीनच्या हार्डवेअरला बांधलेली असते, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की ते विचारणार, आणि अशा ड्राइव्हवर मोठे अपडेट नीट होत नाहीत, तशी सोय काढताना मायक्रोसॉफ्टने हेही एक कारण दिलं होतं. संकटाच्या दिवशी मला आणखी एक भांडण नको होतं.

म्हणून लिनक्स मिंट, लिनक्सवर चालणारी फुकट ओएस. लिनक्सचं असं आहे की प्रत्येक वेळी चालू होताना ते समोरचं हार्डवेअर नव्याने ओळखतं, बहुतेक ड्रायव्हर त्याच्या गाभ्यात, कर्नलमध्येच असतात, त्यामुळे आज इंटेलवाल्या लॅपटॉपला लावली, उद्या एएमडीवाल्या डेस्कटॉपला, ते फार कुरकुर करत नाही. अपवाद एनव्हिडियाच्या कार्डचा कंपनीवाला ड्रायव्हर आणि काही वायफाय चिप. म्हणून या ड्राइव्हवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकायचाच नाही, साधा ओपन सोर्सवाला राहू द्यायचा, आणि वायफायने दगा दिला तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करायचं, ते लगेच चालतं. मिंट २० जीबीमध्ये बसतो म्हणतात पण त्यांचीच शिफारस १०० जीबीची आहे, आणि फ्लॅटपॅकवरून (लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकायची एक पद्धत) दोन-चार सॉफ्टवेअर टाकली की कळतं का ते.

पार्ल्याची माझी मैत्रीण व्हिडिओ एडिटिंग करते, ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपचं मॅकबुक आहे तिच्याकडे, तिने हे ऐकलं आणि लगेच, "अगं मग माझ्या मॅकचं पण असं करून दे ना, एक ड्राइव्ह पडूनच आहे माझ्याकडे." मॅकवर हे व्हायचं, जुन्या इंटेल मॅकला ऑप्शन की दाबून धरली की बाहेरच्या ड्राइव्हवरून सरळ चालू, लोक वर्षानुवर्षं असे क्लोन, म्हणजे आख्ख्या डिस्कच्या प्रती, बाळगून होते. पण २०२० च्या बिग सर या मॅकओएसपासून सिस्टिमचा भाग सीलबंद केला, नुसता कॉपी करून चालत नाही, क्लोन काढायच्या कार्बन कॉपी क्लोनर या सॉफ्टवेअरमध्ये तर बूट होणारी कॉपी हा पर्याय आता लेगसी या नावाखाली सरकवलाय. आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये बाहेरच्या ड्राइव्हवर मॅकओएस टाकता येते, चालतेही, पण चालू होण्याची पहिली पायरी आतल्या स्टोरेजवरूनच होते. म्हणजे आतली एसएसडी मेली तर बाहेरची ओएस कितीही ठणठणीत असो, ते मशीन उठत नाही. तिला म्हटलं तू टाइम मशीन हा मॅकचा बॅकअप चालू ठेव, आणि गरज लागली तर दुसरा मॅक उसना घे, त्यावर सगळं परत येईल. तिला पटलं नाही, तिला ड्राइव्हच हवी होती.

बरं, इन्स्टॉलेशन. लागतं काय तर मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह (रुफस किंवा बलेना एचरने बनवा) आणि ती एसएसडी, दोन्ही एकदम लावायला दोन पोर्ट. त्याआधी एक काम न विसरता करा, विंडोज ११ असेल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) ४८ आकडी रिकव्हरी की काढून कागदावर लिहून ठेवा, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये लॉगिन केलं की दिसते. कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये आपण काही न करताही एन्क्रिप्शन चालू असतं, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारी मशीनची मूळ सेटिंग) जाऊन बूटच्या सेटिंगला हात लावला की पुढच्या वेळी विंडोज ती की मागू शकतं. की नसेल तर मग बसा.

कुठल्या ड्राइव्हवरून चालू करायचं ते निवडायच्या बूट मेनूसाठी मशीन चालू होताना डेल, लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, असूसला एस्केप. सिक्युअर बूट (सही नसलेली ओएस चालू होऊ न देणारी सोय) बंद करायची गरज पडत नाही, मिंट त्यासकट चालू होतो.

आता सगळ्यात मोठी मेख, आणि हीच गोष्ट बहुतेक व्हिडिओत सांगत नाहीत. इन्स्टॉलरमध्ये खाली विचारतात बूटलोडर (ओएस चालू करून देणारा छोटा प्रोग्राम) कुठे टाकायचा, तिथे तुम्ही बाहेरची ड्राइव्ह निवडता आणि निर्धास्त होता. यूईएफआयवाल्या (बायोसचा नवा अवतार) मशीनवर इन्स्टॉलर ते न ऐकता त्याला पहिलं जे ईएफआय पार्टिशन, म्हणजे बूटलोडर ठेवायचा डिस्कचा कप्पा, सापडेल त्यात बूटलोडर टाकून मोकळा होतो, आणि पहिलं पार्टिशन म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरचं, विंडोजचं. ही फार जुनी तक्रार आहे. परिणाम असा की बाहेरची ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर ती बूट होत नाही कारण तिच्यावर बूटलोडरच नाही, आणि ड्राइव्ह काढून लॅपटॉप चालू केला तर काळ्या स्क्रीनवर ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, येऊन बसतो कारण त्याचा बाकीचा संसार बाहेरच्या ड्राइव्हवर. विंडोज गेलेलं नसतं, बूट मेनूतून निवडलं की येतं, पण तोपर्यंत घरात बोंबाबोंब झालेली असते.

यावर तीन उपाय आहेत. सगळ्यात सुरक्षित, आतली डिस्क काढूनच ठेवायची, डेस्कटॉप असेल तर नुसती केबल काढायची, मी तेच केलं, जुन्या डेस्कटॉपवर बसून इन्स्टॉल केलं आणि साइडचा पत्रा उघडून आतल्या डिस्कची केबल काढली. काही बायोसमध्ये आतली डिस्क सेटिंगमधूनच बंद करता येते. आणि तिसरा, लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीपार्टेड हे पार्टिशनचं टूल उघडून आतल्या ईएफआय पार्टिशनचे बूट आणि ईएसपी हे दोन फ्लॅग तेवढ्यापुरते काढायचे आणि इन्स्टॉल झाल्यावर परत लावायचे. परत लावायचे हं. काम झाल्यावर बाहेरच्या ड्राइव्हच्या ईएफआय पार्टिशनमध्ये डोकावून बघा, ईएफआय फोल्डरात बूट नावाचं फोल्डर आणि त्यात बूटएक्स६४ ही फाइल असायला हवी, अनोळखी मशीन तीच शोधतं.

आतली डिस्क काढलेली असली की एक फायदा, इन्स्टॉलरला सरळ 'इरेज डिस्क' सांगता येतं, चुकून भलती डिस्क पुसायची भीतीच नाही, आणि तिथेच एन्क्रिप्शनची खूण करता येते. ती कराच. ही ड्राइव्ह पर्समध्ये घेऊन मी संध्याकाळच्या कर्जत लोकलने जाते, त्या गर्दीत पर्स वर आहे का खाली हे सांगता येत नाही, आणि तिच्यात क्लायंटचे मेल, बँकेचं लॉगिन, लेखकांचे पत्ते-फोन सगळं. पासवर्ड दोनदा टाकावा लागतो, चालू होताना एकदा आणि लॉगिनला एकदा, एवढी कटकट चालेल.

इन्स्टॉल झाल्यावर मराठीचं बघायचं. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट लेआउट कीबोर्ड सेटिंगमधून मिळतो. फाँट म्हणजे नोटोचे देवनागरी आणि 'एक टाइप' या गटाचे 'मुक्त', 'बलू' वगैरे, ही आपल्या मुंबईतली टाइप डिझाइनवाली मंडळी आणि हे फाँट ओपन लायसन्सचे, त्यामुळे कुठल्याही मशीनवर बिनधास्त. अडचण जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधल्या मजकुराची, डाँगल लावून चालणारी विंडोजची सॉफ्टवेअर इथे चालणार नाहीत, तो माल आधीच युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून ठेवलेला बरा. आणि इनडिझाइन नाही म्हणजे नाही. पानं लावायचं फुकट सॉफ्टवेअर स्क्रायबस इनडिझाइनमधून काढलेली आयडीएमएल फाइल उघडतो, देवनागरी जोडाक्षरंही आता नीट दाखवतो, पण मांडणी जशीच्या तशी येईल या भरवशावर राहू नका, स्टाइल्स इकडच्या तिकडे होतात. मी त्यावर पान लावतच नाही. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर सुधारणे, पीडीएफवर प्रूफ बघणे, मेल, जाहिरातीचं छोटं काम इंकस्केपमध्ये, एवढं होतं आणि तेवढ्याने आठवडा निभतो, संपादकांना कळतसुद्धा नाही.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. ही ड्राइव्ह बॅकअप नाही. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने बघितलं आणि म्हणाला, "मावशी, २५६ मधले दोनशे जीबी रिकामेच आहेत की, त्यातच सगळ्या फाइली पण टाक ना, एकच ड्राइव्ह सांभाळायची." ऐकायला बरोबर वाटतं. पण ज्या दिवशी लॅपटॉप मेला आणि मी या ड्राइव्हवरून काम सुरू केलं, त्या क्षणी तीच माझी मूळ प्रत झाली, आणि त्या दिवशी माझ्याकडे बॅकअप शून्य. वर ती ड्राइव्ह चालू आहे, लोंबकळतेय, कोणाचा तरी पाय केबलला लागणार आहे, अनोळखी कॉम्प्युटरला लावलीय. म्हणजे सगळ्यात जास्त धोक्याच्या दिवशी सगळी अंडी त्याच केसिंगमध्ये. भाच्याला हे सांगितलं तर म्हणे क्लाउड आहे की. आहे, पण एकेका अंकाचं छपाईचं साहित्य, फोटोंसकट, काही जीबी होतं, आणि रात्री अकराला ते खाली उतरवत बसायचं?

त्यामुळे माझी मांडणी अशी, बूटवाली एसएसडी फक्त चालायला, आणि फाइलींसाठी वेगळी साधी फिरणारी हार्डडिस्क. तशी जुनी थ्री-टू-वन म्हणून पद्धत आहेच, पीटर क्रोघ नावाच्या फोटोग्राफरमुळे लोकांच्या तोंडी झालेली, तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. हार्डडिस्क का तर एसएसडी वीज न देता कपाटात वर्षानुवर्षं ठेवायची वस्तू नाही, जेडेक नावाच्या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडी लिहून लिहून आयुष्य संपत आल्यावर बिनविजेची ३० अंश तापमानात एक वर्ष डेटा टिकवेल एवढीच अपेक्षा धरलीय. नवी एसएसडी त्याहून बरीच जास्त टिकते, पण आपल्या इथे मे महिन्यात बंद कपाटात ३० अंश म्हणजे थंडीच म्हणायची. बूटवाली मी महिन्यातून एकदा लावतेच, अपडेट मारायला, तेवढ्यात तिला वीजही मिळते आणि ती अजून चालू होते का हेही कळतं. तेही दर वेळी वेगळ्या मशीनवर, एकदा नवऱ्याच्या घरच्या लॅपटॉपवर, एकदा खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कॉम्प्युटरवर. काकूंना वाटतं मी त्यांचा कॉम्प्युटर रिपेअर करते.

घराबाहेरची प्रत बहिणीकडे बोरिवलीला, ती चौथ्या मजल्यावर राहते हे मुद्दाम बघून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कलिना-कुर्ल्याच्या तळमजल्यांवर कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारच्या खणातल्या बॅकअपच्या सीड्या एकाच पाण्यात गेल्या होत्या. गणपतीला बहिणीकडे गेले की जुनी आणायची नवी ठेवायची, मग भाऊबीजेला परत, एवढं सोपं वेळापत्रक असलं की विसरायला होत नाही. दमट हवेसाठी झिपवाली पिशवी आणि बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी.

बूटवाल्या ड्राइव्हचा एक उपयोग मात्र आधी लक्षातच आला नव्हता आणि तोच आता सगळ्यात आवडता आहे. मिंटवरून बूट केलं की लॅपटॉपमधली विंडोजची डिस्क झोपलेली असते, कुठलीही फाइल उघडी नाही, त्यामुळे तिची पूर्ण इमेज, म्हणजे आख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत, निवांत काढता येते, मिंटमध्ये असलेल्या डिस्क्स या टूलमधून किंवा क्लोनझिलाने. क्लोनझिला तैवानच्या सरकारी सुपरकॉम्प्युटिंग केंद्राचं, दिसायला निळा-पांढरा जुनाट स्क्रीन, पण काम चोख. तो फक्त वापरलेले ब्लॉक उचलतो म्हणून इमेज लहान होते, मात्र बिटलॉकर चालू असेल तर त्याला आतलं काही कळत नाही आणि तो ५१२ जीबीची डिस्क रिकाम्या जागेसकट आख्खी उचलतो, तेवढी जागा धरून चाला. आणि विंडोजमधली फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर शटडाउन केलेलं विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलंच असतं आणि मिंट त्या डिस्कवर लिहू देत नाही, वाचायला मिळतं तेवढंच.

रोजच्या फाइलींना बदललेलं तेवढंच कॉपी करणारं आरसिंक, त्याचं खिडकीवालं रूप जीआरसिंक. त्यात मूळ फाइल डिलीट झाली की बॅकअपमधलीही उडवायची खूण असते, ती मी करत नाही, कारण कोणीतरी पान चुकून उडवलं हे दोन दिवसांनी कळतं आणि तोपर्यंत बॅकअपनेही इमानदारीत ते उडवलेलं असतं. तारखेचे फोल्डर करते, जागा जास्त जाते, जाऊ दे. मिंटमधला टाइमशिफ्ट बघूनही फसू नका, तो सिस्टिम परत आणायला आहे, तुमचं होम फोल्डर तो आपण सांगितल्याशिवाय घेतच नाही.

तो जुना डेस्कटॉप, ज्यावर हे सगळं इन्स्टॉल केलं, त्यात विंडोज १० होतं, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्याला चालत नाही, टीपीएम २ ही सुरक्षेची चिप नाही आणि प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा. नवरा भंगारात काढायला निघाला होता. आता तो कोपऱ्यात उभा आहे, आतली डिस्क पूर्णच काढून टाकली, नुसता एक रिकामा डबा आणि मॉनिटर, एसएसडी लावली की माझं मशीन, काढली की काही नाही. रॅम तेवढी ४ ची ८ जीबी करायचीय, पुढच्या लॅमिंग्टन रोडच्या फेरीत जुनी डीडीआर३ मिळाली तर घेईन.